बावीस हजारांत गोटा झालेले टायर: चाळकेवाडीच्या पठारावरच्या एका फोर बाय फोरचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्याचा बोगदा ओलांडला की सज्जनगडाचा फाटा, पुढे ठोसेघर आणि तिथून वर चाळकेवाडीचं पठार. रविवारी लोक पवनचक्क्या बघायला जातात. त्याच पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी काही माणसं मात्र पावसात, धुक्यात, वाऱ्यात रोज वर जातात. त्यांना नेणाऱ्या एका गाडीचं हे प्रकरण आहे. मालकांना इथे नाना म्हणतो. खरं नाव, गाडीचा नंबर आणि कंत्राट कुणाचं, हे मुद्दाम सांगत नाही. माझं साताऱ्यात व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे आणि ही गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती मे २०२३ मध्ये.

गाडी २०१८ची, डिझेल, पार्ट-टाइम फोर बाय फोर. म्हणजे एरवी, टू-हायमध्ये, फक्त मागची चाकं ओढतात आणि लिव्हर ओढून फोर-हाय लावलं की पुढची चाकंही ओढायला लागतात. थारच्या फोर बाय फोरला आणि जिम्नीलाही हीच पद्धत आहे. टायर २३५/७५ आर १५ मापाचे. कंपनीतून आलेला पहिला सेट ५२,००० किलोमीटर चालला, तेव्हा गाडी बहुतेक सातारा-पुणे रस्त्यावर असायची. मग पठाराचं काम मिळालं आणि नानांनी जाड नक्षीचे चार ऑल-टेरेन टायर घातले. गाडीत पाच माणसं, हत्यारांची पेटी, कधी ऑइलचे कॅन. दिवसाला शंभरेक किलोमीटर, महिन्याला साधारण २,४०० किलोमीटर धावणं.

तक्रार

नाना आले ते चिडूनच. "एक सेट बावन्न हजार चालला, दुसरा बावीसला गेला. मला डुप्लिकेट माल दिलाय बघा." टायरवाल्याशी त्यांचं आधीच वाजलं होतं. २२,००० किलोमीटरला मागचे दोन्ही टायर गोटा झाले, म्हणून त्यांनी मागे दोन नवे घातले होते. पुढचे चालण्याजोगे दिसत होते, ते तसेच ठेवले. त्यावर ३,००० किलोमीटर झाले होते.

दुसरी तक्रार त्यांनी जाता जाता सांगितली. नवे टायर घातल्यापासून फोर-हायचा लिव्हर सुटेना. ड्रायव्हर गाडी थोडी रिव्हर्स घ्यायचा, तेव्हा कुठे खाटकन सुटायचा. नानांच्या लेखी ती गिअरबॉक्सची वेगळी भानगड होती. मला मात्र दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं असं तिथेच वाटलं, कारण दुसरी सुरू झाली ती टायर बदलल्या दिवसापासून.

टायर काय सांगत होते

आधी तारखा पाहिल्या. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरांवर १८२२ होतं, म्हणजे २०२२चा अठरावा आठवडा. मागच्यांवर ०६२३. माल ताजा होता आणि त्यावरच्या खुणाही नीट होत्या. डुप्लिकेटची शंका तिथेच मिटली. स्टेपनीवर ४४१७ निघालं. ती कंपनीच्या पहिल्या सेटमधली, बारीक नक्षीची, अंगावर केसासारख्या चिरा पडलेली.

मग नक्षीची खोली मोजली. मागे ९ मिलिमीटर. पुढे मधल्या खाचेत साडेतीन, दोन्ही कडांना त्याहून कमी. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे, तेव्हा कागदोपत्री पुढचे टायर अजून चालले असते. दोन्ही कडा मधल्यापेक्षा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय असं समजायचं. शिवाय नक्षीवरून तळहात बाहेरून आत फिरवला की गुळगुळीत लागायचं आणि आतून बाहेर फिरवला की करवतीचे दाते लागायचे. असे दाते पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बिघडला की पडतात. तपासलं तर टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या, एका टोकाला ढिलाई होती आणि चाकं गरजेपेक्षा जास्त आत वळलेली होती.

इतकं सापडल्यावर बरेच जण अलाइनमेंट करून गाडी सोडतात. मीही पूर्वी तेच करायचो. पण लिव्हर अडकण्याचा टोशी काही संबंध नव्हता. म्हणून गाडी टू-हायला, गिअर न्यूट्रलला घेतला. चारही चाकांना टायर जमिनीला टेकतो तिथे खडूने खूण केली, तशीच खूण फरशीवर केली आणि दोघांनी ढकलत गाडी नेली. मागच्या चाकाचे पाच फेरे पुरे झाले तेव्हा गाडी ११ मीटर १५ सेंटिमीटर पुढे गेली होती. पुढच्या चाकाचे पाच फेरे बरोबर ११ मीटरांत पुरे झाले. म्हणजे एका फेऱ्याला मागचं चाक २२३ सेंटिमीटर जातं आणि पुढचं २२०.

तीन सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण पार्ट-टाइम गाडीत फोर-हाय लागलं की ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. मागची चाकं एक किलोमीटर जाईपर्यंत तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाकं साडेतेरा मीटर कमी पडणार. रस्ता तर दोघांचा एकच. मग ते साडेतेरा मीटर कुठला तरी टायर घासूनच भरून काढणार. चिखलात, मुरमात चाक सहज सरकतं, त्यामुळे कळतही नाही. सुक्या डांबरावर टायर सरकत नाही आणि शाफ्टांना पीळ बसत जातो. लिव्हर अडकत होता तो या पिळामुळे. रिव्हर्स घेतली की पीळ उलगडायचा आणि लिव्हर सुटायचा.

तरी एक प्रश्न उरलाच होता. पहिल्या २२,००० किलोमीटरांत चारही टायर एका वयाचे होते. मग तेव्हा काय झालं?

घाटातली फेरी

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरशेजारी बसून वर गेलो. पंचविशीतला पोरगा, हात चांगला, गाडी जपणारा. सज्जनगडाचा फाटा मागे पडला, चढ सुरू झाला आणि त्याने लिव्हर फोर-हायला टाकला. ऊन कडक, डांबर कोरडं ठणठणीत. पहिल्याच आखूड वळणावर स्टिअरिंग जड झालं आणि पुढच्या चाकातून टायर चिरकल्याचा आवाज आला.

"इथं का रे लावलंस?"

"मालकांनी सांगितलंय, मामा. घाट लागला की लावायचं, ते खाली आल्यावरच काढायचं."

वर पोचल्यावर त्याने चारही चाकांची हवा सोडली, २२ पौंडांपर्यंत. जांभ्याच्या सड्यावर, उघड्या खडकावर, गाडी उडत नाही, माणसांच्या कमरा दुखत नाहीत, म्हणून. ते बरोबरच होतं. पण हवा भरायला वर काही साधन नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी पाच माणसं घेऊन गाडी त्याच हवेवर घाट उतरायची आणि सकाळी साताऱ्यात हवा भरली जायची. दोन्ही कडा का गेल्या ते तिथे कळलं.

वळणावर चारही चाकांचे रस्ते वेगळे असतात. पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळून घेतं, पण पुढच्या-मागच्यांतला फरक सांभाळायला पार्ट-टाइम गाडीत मध्ये काहीच नसतं. टायर नवे असोत, सारखे असोत, कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळण घेतलं की ते घासणारच. फाट्यापासून पठारापर्यंत जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर ही गाडी रोज तशी चालत होती. त्यात हवा कमी, टो बिघडलेला, वर सड्याच्या धारदार कडा, आणि २२,००० किलोमीटरांत टायरांची अदलाबदल एकदाही नाही. मागच्या चाकांवर वजन जास्त आणि एरवी ओढायचं कामही त्यांचंच, म्हणून ते आधी गेले.

पुढे टायरांची वयं वेगळी झाल्यावर सरळ रस्त्यावरही घासणं सुरू झालं. किलोमीटरला साडेतेरा मीटर, चाळीस किलोमीटरला अर्ध्या किलोमीटरहून जास्त. रोज एवढं अंतर टायर डांबरावर फरफटत होते.

नानांनी तशी ताकीद का दिली, हेही त्या फेरीत समजलं. आदल्या पावसाळ्यात पठारावर त्यांच्या ओळखीतल्या एकाची गाडी चिखलात आडवी होऊन घसरली होती. कुणाला लागलं नाही, पण नानांनी धसका घेतला. त्या आदेशामागे निष्काळजीपणा नव्हता, माणसांची काळजी होती. त्यामुळे तो नुसता चूक म्हणून मोडीत काढता येणार नव्हता.

पर्याय

परत आल्यावर आम्ही दुकानात बसून हिशेब मांडला. एक टायर साडेसात हजारांचा.

नानांचा पहिला विचार होता पुढे दोन रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर, टाकायचा. पैसे कमी लागले असते. पण रिमोल्डचा घेर नव्या टायरशी मिळेलच असं नसतं, आणि आपलं दुखणं नेमकं घेराचंच होतं. शिवाय पाच माणसं घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड, हे माझ्या मनाला पटेना. तसं मी स्पष्ट सांगितलं.

दुसरा पर्याय मीच मांडला होता आणि काही वेळ मला तो पसंतही होता. पावसाला महिनाभर अवकाश आहे. तोवर फोर-हाय अजिबात लावायचं नाही. टू-हायमध्ये पुढची चाकं मोकळी फिरतात, मग घेर वेगळा असला तरी ट्रान्स्फर केसवर ताण येत नाही. पुढचे टायर जूनपर्यंत वापरून घ्यायचे आणि मग बदलायचे. महिनाभराचं टायर वाचलं असतं. पण वळवाचा पाऊस या भागात मे महिन्यातच गाठतो, आणि साडेतीन मिलिमीटरच्या, कडा गेलेल्या टायरांवर ओल्या घाटात स्टिअरिंग वळवायचं. वाचणारे पैसे आणि धोका यांचा मेळ बसेना. सोडून दिला.

तिसरा सल्ला नानांच्या मित्रांचा: मड टायर घाल, दगडात फाटत नाहीत. पण दिवसाच्या शंभर किलोमीटरांतले कच्च्या वाटेचे वीससुद्धा नव्हते. मोठ्या, विरळ ठोकळ्यांचा टायर डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकडही कमी. वीस किलोमीटरांसाठी ऐंशी किलोमीटरांचं नुकसान कशाला करायचं?

चौथा पर्याय पाचही टायर नवे घ्यायचा, साडेसदतीस हजारांचा. उत्तम, पण मागचे दोन जेमतेम ३,००० किलोमीटर चाललेले. ते फेकायचं कारण नव्हतं.

राहिला तो आम्ही घेतला: मागच्यांच्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे, त्याच मापाचे तीन टायर. दोन पुढे, एक स्टेपनीला. नव्यांची खोली १० मिलिमीटर, मागच्यांची ९. एवढा फरक चालतो. स्टेपनीवर नाना अडले. "ती तर नुसती टांगलेली असते, तिला नवा कशाला?" मी म्हटलं, पठारावर पंक्चर झालं आणि ही जुनी चढवली, तर एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळे घेर येतील, डिफरन्शियलला एक क्षण उसंत मिळणार नाही आणि वर फोर-हाय लागलं तर पुन्हा पीळ. शिवाय पाचवा टायर टांगून ठेवायचाच नाही, फिरत्या चक्रात घ्यायचा. पाच टायर वाटून झिजले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. हा हिशेब त्यांना पटला.

केलेली कामं

टाय रॉडचं टोक बदललं, टो बसवला, बॅलन्सिंग केलं. ट्रान्स्फर केसचं ऑइल काढलं तर जळका वास होता, पण लोखंडाचा चुरा नव्हता. वेळेवर सापडलं. तीन टायर चढवून खडूने पुन्हा पाच फेरे मोजले. पुढच्या-मागच्यांत आता अगदी थोडा फरक राहिला होता, तोही पाच फेऱ्यांत मिळून. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप घेतला. वर हवा सोडायची, खाली निघण्याआधी भरायची.

अदलाबदल दर ८,००० किलोमीटरांनी, अशी: स्टेपनी उजवीकडे मागे, उजवा मागचा उजवीकडे पुढे, उजवा पुढचा डावीकडे मागे, डावा मागचा डावीकडे पुढे, आणि डावा पुढचा स्टेपनीला. अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेल्या टायरांना हे चक्र चालत नाही. हे बिनबाणाचे होते.

लिव्हरबद्दल ड्रायव्हरला मी सांगावं, असं नानांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. हुकूम त्यांचा होता, मागे घ्यायचाही त्यांनीच. पोरगा माझं ऐकून टू-हायमध्ये गेला असता आणि उद्या काही झालं असतं तर दोष त्याच्या माथी आला असता. नानांनी त्याला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. डांबरावर टू-हाय, डांबर संपलं की फोर-हाय." तो नुसता "बरं" म्हणाला.

काढलेले दोन टायर नानांच्या गावाकडे ऊस वाहणाऱ्या एका टायरगाडीला गेले. बैलांच्या चालीला तेवढी नक्षी पुष्कळ झाली.

जुलैतला प्रसंग

जुलैत धो धो पाऊस लागला. एका संध्याकाळी घाटात दरडीची माती धुऊन रस्त्यावर आली होती, वळणाच्या पुढे बोटभर तांबडा राडा. ड्रायव्हरच्या डोक्यात नियम पक्का होता: खाली डांबर आहे, म्हणजे टू-हाय. वळणावर गाडीचं मागचं अंग सरकलं आणि गटाराच्या कडेला जाऊन थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "मामा, मी लावणार होतो फोर-हाय. पण मालक म्हणाले होते डांबरावर नाही."

ही चूक माझी होती. त्याला कारण न सांगता आम्ही एक सोपा नियम देऊन मोकळे झालो होतो. आधीचाही नियमच होता, घाट म्हणजे फोर-हाय. तो काढून आम्ही दुसरा बसवला. मग त्याला खाली बसवून खडूने फरशीवर दोन वर्तुळं काढली, पुढच्या चाकाचं मोठं, मागच्याचं लहान. जास्तीचं अंतर घासूनच भरून निघतं, हे दाखवलं. विचारायचं ते एवढंच की चाकाला सरकायला जागा आहे का. राडा असेल, मुरूम असेल, गारांचा थर असेल तर आहे, मग खाली डांबर असो वा नसो, लाव. नुसत्या पावसाने ओलं झालेलं स्वच्छ डांबर असेल तर पकड असते, तिथे टू-हाय आणि वेग कमी. तो वर्तुळांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे लिव्हर अडकला की समजायचं, नको तिथं लावलं होतं." हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

निकाल

सप्टेंबर २०२४ मध्ये, ३८,००० किलोमीटरांवर पाचही टायर एकदम बदलले. तेव्हा सर्वांत जास्त झिजलेल्या आणि सर्वांत कमी झिजलेल्या टायरमध्ये मिलिमीटरभराचाही फरक नव्हता. लिव्हर मधल्या काळात अडकला नाही. आधीच्या सेटला किलोमीटरमागे एक रुपया छत्तीस पैसे पडले होते, या वेळी स्टेपनी धरूनही रुपयाच्या आत पडले. ५२,००० मात्र पुन्हा गाठता आले नाहीत, आणि पठारावर ती अपेक्षाही नव्हती. पाचांतल्या एका टायरचं अंग दगडाने कापून तीनदा दुरुस्त करावं लागलं. जांभ्याचा सडा आपला वाटा घेतोच.

ज्यांच्याकडे कायम चारही चाकं ओढणारी किंवा आपोआप फोर बाय फोर लागणारी गाडी आहे, त्यांना इथे एक सांगायला हवं. तिथे टू-हायला टाकून सुटका नसते. चाकांच्या घेरातला फरक मधलं डिफरन्शियल किंवा क्लच सतत पोटात घेत राहतो आणि तापत राहतो. त्यामुळे दोनच टायर बदलण्याआधी त्या गाड्यांच्या पुस्तिकेत किती फरक चालतो ते आधी वाचावं.

आज काय वेगळं केलं असतं

ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी बोलावलं असतं. नाना गाडी चालवत नव्हते, तरी मी सगळे प्रश्न नानांनाच विचारले. एक दिवस त्यात गेला. खरी माहिती त्या पोराकडे होती आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

वर्तुळं मे महिन्यातच काढली असती. जुलैचा प्रसंग टळला असता असं छातीठोक सांगत नाही, पण त्याचा हात लिव्हरवर जाताना थबकला नसता.

नानांनी मागे दोन टायर घातले तेव्हा टायरवाल्याने गाडी फोर बाय फोर आहे का, एवढं विचारायला हवं होतं. मी त्यांना दोष देत नाही, कारण माझ्या दुकानातही तेव्हा तो प्रश्न कुणी विचारत नसे. आता विचारतो. अलाइनमेंटच्या कार्डावर एक ओळ वाढवली आहे: लिव्हर कुठे लावता, कुठे काढता. ते उत्तर मी चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकतो आणि मगच गाडी रॅम्पवर घेतो.